प्रज्ञाचा टॅब आणि आमची मोठी माणसं

टॅबच्या दुकानात किस्से शोधायला लागत नाहीत. गिऱ्हाईक टॅब घेऊन जातं आणि किस्सा काउंटरवर सोडून जातं. डिप्लोमा तिसऱ्या सेमिस्टरला सोडून मी आमच्याच गावच्या नवी पेठेतल्या दुकानात लागलो, त्याला तीन वर्षं झाली. मित्रांना किस्से सांगताना मी मोकळेपणानं हसतो. पण काही किस्से आमच्या घरचे आहेत, आणि त्यात मीही आहे. तिथं हसू अडकतं.

*

आधी हसायचा सांगतो. मैंदर्गीचे एक काका आले, सोबत बी.एड. करणारी सून. टॅब सुनेसाठीच. ती हळूच म्हणाली, "मामंजी, कॉलेजचं ॲप फक्त..."

"तू थांब गं!"

काकांनी दोन हातांत दोन डेमो, म्हणजे दाखवायला ठेवलेले टॅब, घेतले आणि कलिंगडं तोलावीत तसे तोलले. "ह्यो द्या. वजनदार हाय, टिकंल."

मी म्हटलं, "काका, ते वजन टॅबचं नाही. चोरी होऊ नये म्हणून मागं लोखंडी लॉक लावलंय."

काका म्हणाले, "मग लॉकसकट द्या की!"

*

आता प्रज्ञा. माझी धाकटी बहीण, चित्रं काढते. बारावीनंतर तिला पुण्यात ॲनिमेशन शिकायचं होतं. प्रवेशासाठी एकाच ॲपमध्ये काढलेली वीस चित्रं द्यायची होती. दुपारी दुकान रिकामं असायचं, तेव्हा ती डेमोच्या आयपॅडवर काढत बसायची. आठ पूर्ण झाली, बारा अर्धी, आणि एक दिवस मालक टपकले.

"ही कोण? घेणार हाय का?"

"बहीण हाय, मालक."

"मग घरी बसव. डेमो गिऱ्हाइकासाठी असतो."

म्हणजे आता तिला स्वतःचा टॅब पाहिजे, आणि आयपॅडच पाहिजे. कारण ज्या ॲपमध्ये तिची चित्रं अर्धी पडली होती, ते ॲप अँड्रॉइडवर चालतच नाही. हातात दीड महिना. साधी गोष्ट होती. पण आमच्याकडं साध्या गोष्टीची बैठक बसते.

*

बैठकीला आण्णा, म्हणजे वडील, रेल्वेतून रिटायर झालेले. आमचे काका, आण्णांचे धाकटे भाऊ. आणि मामा, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी.

मामा म्हणाले, "विंडोजच घ्या. ऑफिसात तेच असतंय." मामांच्या शाळेतला कॉम्प्युटर टॉवेल पांघरून बसलेला असतो. मामांनी तो टॉवेल काढल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

काका म्हणाले, "सिम बसतंय का? न्हाईतर काय उपयोग!"

आण्णांचा मुद्दा सगळ्यांत भारी. "घरात चार फोन, चार्जर एक. त्यो सगळ्यांना चालतो. त्या आयपॅडचं येगळं चार्जर कोण सांभाळणार?"

नव्या आयपॅडला तेच चार्जर चालतं, हे मला माहीत होतं. पण मी तोंड उघडलं की आण्णांचं ठरलेलं असतं, "तू गप. कॉलेज सोडलेल्यानं शिक्षणातलं सांगू नये." म्हणून गप्प बसलो.

बैठक दोन तास चालली. त्यात प्रज्ञाला एकदाच विचारलं, "चहात साखर टाकली न्हाईस का गं?"

*

मग सगळी फौज आमच्याच दुकानात. काका मोठ्या स्क्रीनपुढं उभे, मामा भाषण देतायत, प्रज्ञा मागं. आण्णांनी मला बाजूला घेतलं. "तू रोज इकतोस. तूच सांग की, कुठला घिऊ?"

जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं! प्रज्ञा माझ्याकडंच बघत होती. एक शब्द पुरे होता.

मी म्हणालो, "मी काय सांगणार, आण्णा? मी सोडलेला. मामांना विचारा."

काय भारी वाटलं मला! पाच मिनिटं. तेवढ्यात बिल झालं. अँड्रॉइड, मोठ्या स्क्रीनचा, सिमवाला. मामांनीसुद्धा विंडोजचा हट्ट सोडला, कारण ह्याच्यावर कव्हर फुकट होतं.

*

टॅब वाईट नाही, मी रोज विकतो. पण प्रज्ञानं घरी येऊन तरीही एकदा ॲप शोधून बघितलं, ते नव्हतंच. आण्णा म्हणाले, "दुसरं घे की. चित्र ते चित्र!"

तिनं दुसरं घेतलं, पहिल्या चित्रापासून परत सुरू केलं. अकरा झाली आणि तारीख गेली. आता ती बी.कॉम.ला आहे.

टॅब फ्रिजवर असतो. काका त्यावरून लोकांना लग्नपत्रिका पाठवतात. मामा आले की बातम्या लावतात. आणि आण्णा पाव्हण्यांना सांगतात, "निवडावं तर असं! घरात एक माणूस न्हाई ज्याला ह्यो वापरता येत न्हाई!"

*

मागच्या आठवड्यात मालक म्हणाले, "डेमोतलं सगळं पुसून ठेव, नवीन मॉडेल येतंय." प्रज्ञाची वीस चित्रं अजून त्यातच होती. मी तिला फोन केला. आली, बसली, एकेक चित्र सरकवायला लागली. उजनी धरणाच्या पाण्यात मोटरपंपावर बसलेला बगळा. तोंड उघडं टाकून झोपलेले आण्णा, नुसते रेषांत, रंग भरायचे राहिलेले.

मी म्हटलं, "पेनड्राइव्हवर घेऊ?"

"अर्धी घेऊन काय करू, दादा?"

तेवढ्यात गिऱ्हाईक म्हणून आलेले एक आजोबा तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. "लई झ्याक! ह्यात असली चित्रं आपोआप येतात व्हय?"

मी तोंड उघडलं, पण प्रज्ञा आधी बोलली. "येतात की, आजोबा. नुसतं बोट ठेवायचं."

आजोबा खूश झाले. "मग ह्योच द्या! नातीला चित्रं काढायचा लई नाद हाय. दिवस दिवस काढत बसती. तेवढाच पोरीचा येळ वाचंल!"

मी त्यांचं बिल केलं, पिशवी दिली, दारापर्यंत सोडलं. वळून बघतो तर प्रज्ञा चप्पल घालत होती, आणि तिनं पुसून कोरा केलेला डेमो विचारत होता, भाषा कुठली पाहिजे.