डेमो राहू द्या

तासिका तत्त्वावर भूगोल शिकवण्यात नांदेडला माझी चौदा वर्षं गेली. उन्हाळ्यात कॉलेज बंद, की आम्हीही बंद. लातूरच्या एका कॉलेजात कायम जागा निघाली तेव्हा बायको म्हणाली, "हे शेवटचं हं. झालं तर झालं, न्हाई तर माझ्या भावाच्या दुकानात बसा." तिचंही काय चुकलं? मीच इंटरव्ह्यूंना विटलो होतो.

दहा मिनिटांचा डेमो द्यायचा होता. मी गोदावरीचं खोरं घेतलं. नाशिककडून नकाशा सरकत सरकत नांदेडपर्यंत यायचा, तिथून वर पैनगंगेकडे वळायचा आणि इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा पडदाभर उघडायचा. आमच्या कॉलेजातल्या डबडा कॉम्प्युटरवर हे सगळं खोकत खोकत चालायचं, म्हणून वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप घेतला. चित्रं हलवायचं ओझं ते कार्ड उचलतं, मुख्य प्रोसेसर मोकळा राहतो. दोन महिने रोज त्यावर बसलो. धबधबा दिसला की मलाच बरं वाटायचं.

लातूरला नऊ जण होतो, माझा नंबर नववा. पहिल्या उमेदवाराची पृथ्वी पडद्यावर फिरायला लागली आणि अर्ध्यावर थांबली. कॉलेजचा कॉम्प्युटर जुना, त्याला कार्डबिर्ड काही नाही. शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, कुनाकडं चांगला लॅपटॉप हाय का हो?"

सगळे खाली बघत बसले. मी हात वर केला. का केला, देव जाणे! भीड भिकेची बहीण म्हणतात, ती माझ्या घरी कायमची राहायला आहे.

प्रोजेक्टरची तार लावली, सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू केलं, म्हणजे सगळं ओझं कार्डावर टाकलं. पृथ्वी गरागरा फिरली. मग काय, मला तिथंच बसवलं. एकेकाचा पेन ड्राइव्ह घ्यायचा, फाइल लावायची, तो म्हणेल तेव्हा बटण दाबायचं. उदगीरहून आलेल्या एका मॅडमचा व्हिडिओ अडखळत होता, तो नीट करून दिला. "सर, तुम्ही होते म्हणून निभावलं," असं त्या मनापासून म्हणाल्या. माझ्याच जागेवर डोळा ठेवून आलेल्या लोकांसाठी मी लष्कराच्या भाकऱ्या भाजत होतो, आणि त्या करपू नयेत म्हणून काळजीही घेत होतो.

चहा आला तेव्हा निवड समितीतल्या तज्ज्ञांपैकी एक जण म्हणाले, "अरे, ऑपरेटरला पण द्या." मी उमेदवार आहे, एवढं म्हणायला काय जात होतं? चहा घेतला.

दोन वाजून गेल्यावर माझं नाव पुकारलं. मी खुर्चीतून उठून चार पावलं चाललो आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"तुम्ही? तुम्ही उमेदवार आहात होय?" सगळे हसले. वाईट हेतूनं नाही हसले, तेच जास्त लागलं.

मी फाइल उघडायला वळलो. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "डेमो राहू द्या सर. सकाळपासून बघतोच आहोत की तुमचं काम. छान आहे." मग गाव कोणतं, किती वर्षं झाली, एवढं विचारलं आणि कागद मिटले. मी दाराशी पोचलो तर मागून आवाज आला, "जेवणानंतर इतिहासवाल्यांचे डेमो आहेत. लॅपटॉप तेवढा थांबवता येईल का?"

तोंडातून "हो सर" निघून गेलं. संताप आला तो माझाच मला.

इतिहासाचे सहा जण होते. साडेपाचला बस स्टँडवर आलो तोवर बायकोचे चार मिस्ड कॉल. फोन लावला.

"अहो, आत्ता सुटलात? सकाळी दहापासून?"

"हाव."

"इतका वेळ बसवून घेतलं म्हणजे आवडलं असंल त्यांना. न्हाई का हो?"

माझी नांदेडची बस लागली होती. मी म्हणालो, "आवडलं, असं म्हणत होते." चौदा वर्षांत तिचा आवाज इतका हलका मी कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "मग भावाला सांगून टाकते, दुकानात दुसरा माणूस बघ म्हणून."