दोघांपुरता तंबू

जमिनीवर उताणं पडून ते डोळे मिटायचे. दोन्ही हात छातीवर. पाइनच्या झाडांखाली, सगळ्यांच्या देखत. तंबू ठोकायच्या आधी जागेला उतार आहे का, खाली एखादं मूळ टोचतंय का, हे पाहायची त्यांची ही रीत. एकदा शेजारच्या तंबूतली म्हातारी जर्मन बाई घाबरून धावत आली, सगळं ठीक आहे ना विचारायला. ते डोळे न उघडताच म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. मग आम्हाला मराठीत, "पाठ खोटं बोलत नाही."

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. कामाबद्दल मोजून दोन वाक्यं बोलेल, पण त्याचा लाडका विषय निघाला की आवरता आवरायचा नाही. हे मूळचे नाशिकचे, माझ्याहून बरेच सिनियर. दक्षिण जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या ऑफिसात ब्रेकच्या चाचण्या त्यांच्याकडे असायच्या. दर उन्हाळ्यात गाडीत तंबू टाकून अख्खा जर्मनी ओलांडायचे आणि बाल्टिक समुद्राकाठच्या त्याच जंगलात जाऊन राहायचे. नवं मराठी जोडपं दिसलं की त्याला गळ घालायचे. एका वर्षी आम्ही नवराबायको त्यांच्या तावडीत सापडलो.

वहिनी मात्र कधीच जायच्या नाहीत. "टॉर्च घेऊन संडासला चालत जायची हौस असती तर मी जर्मनीत कशाला आले असते?" हा त्यांचा सवाल. जायचे ते आणि त्यांची लेक. ती तेव्हा पंधरा वर्षांची असेल. मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये. शाळेतून आली की खोलीचं दार आतून बंद.

"तंबूला कडी नसते हो मॅडम," ते मला म्हणाले. "वर्षातले हे चार दिवस तरी ती माझ्याशी बोलते." एवढ्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता तर! आणि खोटं कशाला सांगू, ती खरंच बोलत होती. संध्याकाळी दोघं पाण्याच्या कडेकडेने चालायची. ती हातवारे करून काहीतरी सांगायची आणि हे "आल्झो... आल्झो...", म्हणजे आपलं "बरं... बरं...", करत मान डोलवायचे. इतका खूश माणूस मी ऑफिसात कधी पाहिला नव्हता.

मग कुकर आला. आता कॅम्पिंगला कुकर घेऊन कोण जातं? आपण जातो. दुपारचे दोन तास तिथे मिटाग्सरूहे असते, म्हणजे सक्तीची शांतता. गाडी सुरू करायची नाही, रेडिओ लावायचा नाही, पोरांनीसुद्धा हळू आवाजात खेळायचं. अशा वेळी यांनी छोट्या गॅसवर वरणभात लावला आणि गप्पा मारत बसले. पहिली शिट्टी झाली तेव्हा कुत्री भुंकायला लागली. दुसरीला आजूबाजूच्या तंबूंतून डोकी बाहेर आली. तिसरीला कॅम्पिंगची व्यवस्था बघणारा माणूस सायकल मारत हजर!

हे भाबडेपणाने म्हणाले, "अजून एकच शिट्टी हवी होती."

लेक मध्ये पडली. त्या माणसाची तिने परत परत माफी मागितली. पलीकडे तिच्याच वयाची पाचसहा पोरं होती. त्यांतल्या एकाने शिट्टीची नक्कल केली आणि सगळी खिदळली. ती लालबुंद झाली. बापाकडे वळून म्हणाली, "पापा, नी वीडर!" पुन्हा कधीच नाही. मी पुन्हा कधीच तुमच्याबरोबर येणार नाही.

"अगं, पुढच्या वर्षी कुकर नाही आणत, झालं?" ते हसत म्हणाले. ती कुकरबद्दल बोलत नव्हती, हे आम्हा दोघांना कळलं. त्यांना कळलं नाही, की कळूनही त्यांनी तसं दाखवलं नाही, देव जाणे. वरण छान झालं होतं. कुणाला गेलं नाही.

पुढच्या वर्षी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हे मात्र जातच राहिले आणि जर्मनांच्या वरताण शिस्तीचे झाले. दुपारी गार सँडविच, बोलणं कुजबुजत. परत आले की घरी मुद्दाम सांगायचे, यंदा आपली एकही तक्रार नाही बरं का. ती "शोन" म्हणायची, म्हणजे छान, आणि खोलीत जायची.

"अहो, एकट्याला दोघांचा तंबू कशाला लागतो?" मी एकदा विचारलं.

"ऐन वेळी आली तर?"

मला भारी वाईट वाटलं. त्यांचा रागही आला. एवढं काय त्या पोरीपुढे नमतं घ्यायचं!

मग ती येनाच्या विद्यापीठात शिकायला गेली. इकडे नाशिकला त्यांची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा यांनी नोकरी सोडली आणि वहिनींना घेऊन कायमचे परत गेले. जाताना तंबू लेकीकडे पोचवला. तिने तो ठेवून घेतला, एवढंच मला ठाऊक होतं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा त्या समुद्रावर गेलो. त्याच झाडांत तोच हिरवा तंबू. बाहेर ती, दोन मैत्रिणी, आणि हसण्याचा नुसता कल्लोळ. मला ओळखून ती उठून आली. मराठीत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "काकू, पापाला सांगू नका. त्याला वाईट वाटेल."

माझ्या पोटात काही राहत नाही. आणि अशी गोष्ट बापापासून लपवायची तरी का? दुसऱ्या दिवशी मी नाशिकला फोन लावला.

"एकटी होती?" त्यांनी विचारलं.

"नाही, मैत्रिणी होत्या."

"तंबू नीट उभा केला होता?"

"एकदम ताठ."

"हसत होती?"

"खूप."



"मग बरं झालं," ते म्हणाले. "मी असतो तर ती आलीच नसती."

तेवढ्यात त्यांच्या मागून म्हातारीची बारीक हाक ऐकू आली.

"आलो गं आई," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.