काकीचा बाप्तिस्मा

अकलोलीच्या गरम कुंडात पाय सोडले की गंधकाच्या वासासरशी मी पुन्हा आठ वर्षांचा होतो. संडे स्कूलमध्ये नुकतंच शिकवलं होतं, बाप्तिस्मा नाही त्याचं तारण नाही. शेजारची जनाकाकी तर रोज तुळशीला पाणी घालायची. मग स्वर्गात मला तांदळाची भाकरी कोण देणार? म्हणून इथेच, वाफेत डोळे मिटून बसलेल्या काकीच्या डोक्यावर मी पित्याच्या आणि पुत्राच्या नावाने तांब्या ओतला. पवित्र आत्मा घाईत राहूनच गेला.

कारण ऐकून काकी म्हणाली, "मना न्हाय घेतला तं दाराशी बसंन. तू आतून हाक मार."

आता काकी नाही. माझे एकंदर गुण पाहता दाराशी मीच बसलेला असेन, आणि वाफेतून तिचीच हाक येईल, "बाला, जेवलास का रं?"