खिडकीबाहेरची बाटली

आत्या डिझेल फिल्टरवर उकळत्या पाण्याचं फडकं पिळत होती आणि मी ट्रॅक्टरच्या सीटवरून ओरडत होते, "अगं बास, बोटं भाजतील!"

"भाजू देत. तू स्टार्टर मार."

मारला. नुसती घरघर. हा तिसरा ट्रॅक्टर.

शेडमधल्या आठ ट्रॅक्टरांचं इंधन एकोणीस वर्षं आत्याकडेच. मी शाळा सोडली तेव्हा घरात सगळे माझ्यावर तुटून पडले. तिने एवढंच विचारलं, "क्लचवर पाय पोचतो का?" म्हणून तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकंच फिरतं.

आमच्या टाकीत साध्या डिझेलमध्ये बायोडिझेल, म्हणजे तेलापासून केलेलं इंधन, मिसळलेलं; ते थंडीत खोबरेलासारखं गोठतं. फिल्टर तुंबला की इंजिन उपाशी. म्हणून आत्या रोज संध्याकाळी टाकीतलं थोडं इंधन बाटलीत भरून खिडकीबाहेरच्या फळीवर ठेवायची. सकाळी बाटली गढूळ दिसली की त्या दिवशी साधं डिझेल जास्त घालायचं. स्वच्छ दिसली तर मिश्रण आहे तेच. त्या आठवड्यात थंडी रोज वाढत होती, बाटली मात्र काचेसारखी स्वच्छ. आम्हीही खूश.

मॅनेजरसाहेबांनी आधीच बजावलं होतं, "पुन्हा गाड्या अडल्या तर टाकीची किल्ली दुसऱ्याकडे." आता ते मफलर गुंडाळून दारात उभे.

"काय झालं बाई?"

आत्या उठली. गुडघे कटकट वाजले. खिडकीशी गेली, बाटली उचलली, दोन्ही हातांत घट्ट धरली. मग शेडला लागून असलेल्या, रात्रपाळीच्या वॉचमनकाकांच्या खोलीकडे बघितलं.

"माझा अंदाज चुकला, साहेब."

"काय चुकला?" मी खाली उडी मारली. "बाटली स्वच्छ आहे, तुम्हीच बघा की!"

"तू गप गं."

तिने कमरेची किल्ली सोडली, साहेबांच्या हातावर ठेवली आणि तशीच पुन्हा फडकं पिळायला बसली. दुपारपर्यंत तिन्ही ट्रॅक्टर चालू केले. घरी येताना मी सबंध वाट साहेबांना शिव्या घातल्या.

वॉचमनकाका चार महिन्यांनी रिटायर झाले. जायच्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, थंडीने काच तडकेल म्हणून तिची बाटली मी रात्री शेगडीपाशी ठेवायचो. ती यायच्या आत परत फळीवर. त्या दिवशी मला उशीर झाला, तुम्ही ट्रॅक्टरशी झटत होतात तेव्हा ठेवली. तिने उचलली तेव्हा बाटली चांगली गरम होती."