एका माणसापुरती मिठाई

मिठाईच्या दुकानातले कारागीर रघुभाऊ गेल्याची बातमी दुकानाच्या शेठनी शाळेच्या स्टाफरूममध्ये फोन करून दिली. "सर, तुमच्याशिवाय आणखी कुणाला कळवू?" ते म्हणाले. त्याला आता महिना होत आला. इतकी वर्षं बहरैनच्या गुदैबिया वस्तीत काढूनही रघुभाऊंचं सुतक पाळणारं इथे एकही घर नव्हतं. पार्थिव चिपळूणला रवाना झालं आणि दुसऱ्या सकाळी दुकानाची भट्टी नेहमीसारखी पेटली.

आमची ओळख मुलांमुळे झाली. आखाती युद्धानंतरच्या हिवाळ्यात माझ्या वर्गाने शाळेच्या मेळाव्यासाठी बहरैनची म्हणता येईल अशी एक मिठाई करायचं ठरवलं. कल्पना मिचिको सान यांची. सित्रा बेटावरच्या कारखान्यातल्या एका जपानी इंजिनिअरच्या या पत्नी मुलांना कागदकाम शिकवायला येत. त्यांच्या देशात गावोगावची मिठाई वेगळी असते आणि प्रवासाहून परतणारा माणूस ती शेजाऱ्यांसाठी आणतो, असं त्यांनी सांगितलं. "मग आमचं गाव कुठलं?" इथेच जन्मलेल्या एका मुलीने इंग्रजीत विचारलं. तो प्रश्न घेऊन मी मुलांसह गुदैबियातल्या मिठाईच्या दुकानात गेलो. तिथे रघुभाऊ "इथला खजूर आहे ना!" म्हणत कामाला लागले.

मिचिको सान यांनी सांगितलेली कृती अशी: चिकट तांदळाच्या पिठाचं मऊ आवरण, आत खजूर आणि लाल चवळीचं पुरण. पण रघुभाऊंचा हात उकडीच्या मोदकांवर बसलेला; नकळत पाकळ्या निघत, आणि तूप, वेलची, साखर सढळपणे पडे. मिचिको सान दर वेळी मान लववून "व्हेरी नाइस" म्हणत आणि उरलेलं बशीत तसंच ठेवत. "सर, ही बाई चांगलं म्हणते आणि खात नाही," रघुभाऊ वैतागले. "याहून फिकं तर आमच्याकडे आजाऱ्यालासुद्धा देत नाहीत!" मुलं हसून लोळली. तरी साखर उतरत गेली, आणि एके दिवशी बशी रिकामी झाली.

मेळाव्यानंतर ती दुकानात विकायला शेठनी मुदत दिली... महिनाभरात खपली तर ठेवू, नाहीतर खलास. रघुभाऊंनी जन्मभर इतरांनी ठरवलेल्या मिठाया केल्या होत्या. ही त्यांची स्वतःची पहिली; ती काचेच्या कपाटात राहावी, एवढीच त्यांची इच्छा. किलोने नेणाऱ्या कुटुंबांनी तिला हात लावला नाही. तेव्हा मुलांनी सुचवलं, जपानमध्ये देतात तशी एकेक विका. "एक नग? एकट्याने मिठाई कोण खातं, बाबांनो?" रघुभाऊ म्हणाले. उत्तर गुरुवारी, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मिळालं. सित्र्याहून कंपनीच्या बसने आलेले, बायकामुलं दूर देशी असलेले कामगार एकेक मागू लागले. अर्ध्या किलोचा डबा त्यांनी न्यायचा तरी कुणासाठी? मीही त्यांच्यातलाच, माझं बिऱ्हाड पुण्यात. मिठाई कपाटात राहिली.

कुणी एक नग घेतला, की रघुभाऊ हात पुसत भट्टीवरून बाहेर येत आणि तो खाऊन होईपर्यंत गावाकडचं विचारत शेजारी उभे राहत. माझ्याही शेजारी तसेच उभे राहत. त्यांच्या खोलीत त्यांच्याजवळ कोण असतं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही... आता नवा कारागीर मिठाई कागदात गुंडाळून देतो आणि मोकळा होतो.

परवा दुकानात एक कामगार कागद उलगडता उलगडता मला म्हणाला, "वो चाचा छुट्टी पे गया क्या?" मी खरं ते सांगितलं. त्याचा हात तोंडापाशी थांबला. मग त्याने सावकाश, फार सावकाश खाल्लं. त्याचं खाऊन होईपर्यंत मी तिथून हललो नाही.