त्रेचाळीस टाय आणि पाच लंगोट

मे महिन्यात नांदुऱ्याची माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा टाकून बाहेर पडतात. त्याच उन्हात गळ्याला टाय आवळून स्कूटरवर फिरणारा एकच माणूस या गावानं पाहिला, तो म्हणजे आमचे शेजारी उत्तमराव. औषध कंपनीचे प्रतिनिधी. मलकापूर ते शेगाव पट्ट्यातल्या डॉक्टरांना त्यांनी एकतीस वर्षं गोळ्यांचे गुण ऐकवले. गोळ्या बदलल्या, डॉक्टर बदलले, स्कूटर दोनदा बदलली. टाय चुकला नाही.

निवृत्त झाल्यावरही टायच्या बाबतीत गावात शेवटचा शब्द त्यांचाच. कुण्या नवरदेवानं सूट शिवला की टाय उत्तमरावांकडे यायचा. ते तो बोटांत धरून न्याहाळायचे, "ठेवून जा, संध्याकाळी ने," म्हणायचे, आणि संध्याकाळी गाठ मारलेला टाय तयार. अलीकडं मात्र त्यांनी रीत बदलली होती. "तुह्या टायचं कापड गाठ धरत नाही बे," असं सांगून ते स्वतःचाच एखादा, आधीच गाठ मारलेला टाय उसना द्यायचे.

असे त्रेचाळीस टाय त्यांच्या दारामागे दोरीवर लटकलेले असत, सगळे गाठीसकट. लांबून पाहिलं तर पडवळाचा वेल.

त्यांच्या पत्नी आशाबाई टायला लंगोट म्हणतात. 'कंठलंगोट' हा विनोद मुळात उत्तमरावांनीच कधीतरी घरी आणला होता. त्यातला कंठ आशाबाईंनी जास्तीचा म्हणून काढून टाकला.

मागच्या थंडीत उत्तमरावांच्या पित्ताशयातले खडे काढायला दोघं बुलढाण्याला गेले आणि नऊ दिवस अडकले. बुलढाणा घाटावर; नांदुऱ्याच्या माणसाला तिथली थंडी म्हणजे अपमानच वाटतो. आशाबाईंनी घाईत एक चादर तेवढी नेली होती. पेशंटच्या नातेवाइकांच्या खोलीत दुसरबीडची एक अनोळखी बाई होती. तिनं काही न विचारता आपल्या गोधडीची अर्धी बाजू आशाबाईंच्या अंगावर ओढली. नऊ दिवस दोघी एकाच गोधडीत. घरी आल्याबरोबर आशाबाईंनी जाहीर केलं, "त्या खोलीत आता माह्या हातची एक गोधडी गेली पायजे."

पण गोधडीला कापड कुठलं? जुन्या साड्या लेकींच्या आणि नातवंडांच्या गोधड्यांत केव्हाच संपल्या होत्या. आशाबाईंची नजर फिरत फिरत दारामागे गेली.

"हे त्रेचाळीस लंगोट काऊन लटकून राह्यले? द्या मले."

"टाय देत नसतात," उत्तमराव म्हणाले. "लागतात."

"कायले?"

"लग्नाले. सत्काराले."

"कोणाच्या सत्काराले?"

यावर उत्तमराव पेपर वाचू लागले.

आशाबाईंनी वाद घातला नाही. आमच्या सुनेकडून, सुचिताकडून, त्यांनी महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर बोलका निरोप पाठवला. मात्र बटण दाबलं जायच्या आधीच त्यांचं 'गळ्यातले' म्हणून झालं होतं. गटावर गेलं ते एवढंच: "जुने लंगोट असतीन तर धाडा. धर्माच्या कामाले पायजेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्ती पहिलवान दारात हजर. त्याची आई मंडळात आहे. हातातल्या पिशवीत पाच लाल लंगोट, धुऊन, इस्त्री करून.

"काकू, दोन तर अजून चांगले होते. पण धर्माचं काम म्हटल्यावर निवडत नाही बसलो."

मी तेव्हा त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. हसू आवरायला मला चहाचा कप तोंडाला लावावा लागला, आणि त्यात चहा नव्हता. आशाबाई मात्र जराही हसल्या नाहीत. पिशवी दोन्ही हातांनी घेतली, निवृत्तीला चहा-पोहे दिले, "लय मोठ्या मनाचा आहेस," म्हणाल्या. तो गेल्यावर नवऱ्याकडे वळल्या.

"पाहा. पहिलवानानं लंगोट सोडला. अन् तुमच्याच्यानं टाय सुटून नाही राह्यला."

उत्तमरावांनी दारामागच्या दोरीकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाले, "सोडला तर मले पुन्हा बांधता येत नाही."

एकतीस वर्षांत त्यांनी एकदाही टाय बांधला नव्हता. नोकरीच्या पहिल्या दिवशी ते टाय हातात धरून एसटी स्टँडवर बसले होते. शेजारी दुसऱ्या कंपनीचा दयाराम होता. धंद्यातला शत्रूच म्हणायचा. त्यानं विचारलं, "साप हाय काय रे तो? मग घाबरतो काऊन?" आणि गाठ मारून दिली. तेव्हापासून दर दिवाळीला कंपनीकडून जे एक-दोन टाय मिळतील ते दयाराम बांधून द्यायचा, एका चहाच्या बोलीवर. नवरदेवांचे टायसुद्धा दुपारी दयारामकडेच जाऊन येत. उत्तमराव ती गाठ सैल करून काढायचे, आवळून घालायचे, पण सोडायचे नाहीत. तीन वर्षांमागं दयाराम गेला. आता दारामागे लटकत होत्या त्या त्याच्या गाठी.

"गावाले समजलं तर हसतीन," उत्तमराव म्हणाले. "अन् त्याच्या हातचं तेवढंच उरलं हो."

"मले काय आजच समजलं?" आशाबाई म्हणाल्या. "एकतीस वर्ष मी धुणं केलं तुमचं. एकही लंगोट कधी सुटा पाह्यला नाही." आणि जवळ बसून हळू आवाजात म्हणाल्या, "दयारामभाऊजीच्या गाठी दोरीवर धूळ खाऊन राह्यल्या. कोणाच्या अंगावर जातीन तर वाईट काय?"

त्यांनी कात्री बाजूला ठेवली. गाठी उत्तमरावांनीच सोडल्या, रोज चार-पाच. प्रत्येक गाठीच्या आत कापडाचा तळहाताएवढा तुकडा निघे, अगदी नवा. बाकी टाय उन्हानं विटलेला, घामानं कडक झालेला. गाठीतला रंग मात्र दुकानातल्यासारखा. आशाबाईंनी हे उजळ तुकडे गोधडीच्या मधोमध लावले. काम सोपं नव्हतं. टायचं कापड तिरपं कापलेलं. इकडे ओढलं की तिकडे पसरे. "सरकारी कापड दिसते," आशाबाई म्हणायच्या, "नुसतं सरकून राह्यलं." शेवटी जुन्या सुती चादरीवर एकेक पट्टी टाचून त्यांनी त्याला जागेवर बसवलं. चारी बाजूंनी निवृत्तीच्या लंगोटांचा लाल काठ. तो सगळ्यात देखणा दिसे, आणि कशाचा आहे ते कुणी विचारलं की आशाबाई "दानाचा" म्हणत.

बेचाळीस टाय झाले. त्रेचाळिसावा, तांबडा, पांढऱ्या पट्ट्यांचा, एसटी स्टँडवरचा पहिला. तो उत्तमराव हातात घेत आणि खाली ठेवत.

आशाबाईंची गोधडीची एक रीत आहे. शेवटचा कोपरा शिवून बंद करायच्या आधी त्या आत भाकरीचा वाळका तुकडा ठेवतात. गोधडी उपाशी धाडू नये, म्हणतात. उपाशी गोधडी ऊब देत नाही. या वेळी त्यांनी भाकरी आणलीच नाही. तांबडा टाय मागितला, पुढचं-मागचं शेपूट कापून पट्टीत घेतलं, आणि गाठ न सोडता, होती तशी कोपऱ्यात ठेवून टाके घातले.

"टोचीन ना कोणाले," उत्तमराव म्हणाले. डोळे पुसत होते, पण मुद्दा व्यवहाराचा होता.

"कोपऱ्यात कोण झोपते?"

माघात दोघं एसटीनं बुलढाण्याला जाऊन गोधडी खोलीत ठेवून आले.

परवा आमच्या गल्लीतले रामराव मुलाला, गोपालला, घेऊन उत्तमरावांकडे आले. गोपालचं लग्न, सूट, नवा निळा टाय.

"काका, तुमच्यासारखी गाठ गावात कोणाले जमत नाही," गोपाल म्हणाला.

मी ओट्यावरच होतो. उत्तमरावांनी सवयीनं टाय बोटांत धरला, न्याहाळला. मग त्याची नीट घडी घालून परत दिला.

"मले येत नाही बाबा. कधीच येत नव्हती. येत होती ते दयारामले."

रामरावांनी दारामागे डोकावून पाहिलं. "अन् त्या इतक्या गाठी दारामागे होत्या त्या?"

"एकच उरली," उत्तमराव म्हणाले. "ते बुलढाण्याले राह्यते. पांघरून घ्या लागते."