पुंगळ्या भरणारा वर्ल टोलमन

वर्ल टोलमन साखर कारखान्यातून निवृत्त झाला तेव्हापासून त्याचा बहुतेक वेळ गॅरेजातल्या बाकाशी जातो. तिथे तो पिस्तुलाची काडतुसं पुन्हा भरतो. उडवून झालेल्या पितळी पुंगळ्या वेचून आणायच्या, घासायच्या, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत बाकावरच्या मापाचा दांडा ओढून ठरावीक बंदुकीची दारू सोडायची आणि वर शिशाची गोळी दाबायची. स्नेक नदीकाठच्या हॅगर्टी गावात निम्म्या गॅरेजांत असं बाक असेल. गावचा नियम असा की दुसऱ्याने भरलेलं काडतूस कोणी आपल्या पिस्तुलात घालत नाही. सूट फक्त घरातल्यांना.

वर्लच्या घरातली म्हणजे त्याची मुलगी जनील. ती शाळेची बस चालवते आणि हिवाळ्यात दर गुरुवारी गावच्या सभागृहाखालच्या तळघरात नेमबाजीच्या सामन्यात उतरते. वर्लही पूर्वी उतरायचा. हात कापायला लागले तसा तो मागच्या बाकड्यावर बसू लागला. सामन्यात त्याचा वाटा आता एवढाच उरला होता, की जनील उडवते ती काडतुसं त्याची.

तो वापरायचा ती दारू लाल झाकणाच्या डब्यात येते. बारीक, काळी, जड. मापातून वाळूसारखी सरसर उतरते, धूर करत नाही, पिस्तूल घाण करत नाही. पुंगळीला चिमूटभर पुरते आणि डबा वर्षभर जातो. तिचा एक दोष सगळ्यांना ठाऊक असतो. चिमूटभरच लागत असल्याने ती तळाशी पडून राहते. चुकून दोनदा पडली तरी वर जागा उरतेच, आणि गोळी मुकाट्याने बसते; असं काडतूस उडवलं तर पिस्तूल हातातच फुटू शकतं. म्हणून ती वापरणारा प्रत्येक पुंगळीत डोकावतो. वर्लही डोकावायचा. डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागल्यावरही डोकावायचा.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी जनीलच्या पिस्तुलातून धडाक्याऐवजी नुसता फट् असा आवाज आला. तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि हात वर केला. सगळी नेमबाजी थांबली. सामन्यावर देखरेख करणारा फेलिक्स उरिआर्टे पुढे आला. गावातलं बंदुकीच्या सामानाचं दुकान त्याचंच.

"काय गं, फुसका?"

"फुसका."

फेलिक्सने नळीत गज घालून ठोकला. अडकलेली गोळी खाली पडली. दारू नव्हतीच; नुसत्या टोपीच्या जोरावर ती अर्ध्या वाटेपर्यंत सरकली होती.

"आणखी एक मारली असतीस तर नळी फुगली असती."

"म्हणून तर हात वर केला ना! का नाचून दाखवू?"

कोणी फारसं हसलं नाही. एका पुंगळीत दारू पडली नसेल, तर ती शेजारच्या पुंगळीत दुप्पट पडलेली असू शकते, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. जनीलने उरलेली काडतुसं डब्यात भरून डबा वर्लच्या मांडीवर ठेवला. त्या संध्याकाळी ती पुढे खेळली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्लने त्या खेपेतलं एकेक काडतूस फोडलं. त्यासाठी वेगळी हातोडी असते. काडतूस तिच्या पोकळ डोक्यात अडकवून लादीवर आपटलं की गोळी सुटते, दारू सांडते. एका काडतुसातून दोन चिमटी सांडल्या. त्याने त्या काट्यावर तोलून पाहिल्या आणि बशीत घालून स्वयंपाकघरात जनीलसमोर ठेवल्या.

"सापडलं," तो म्हणाला.

जनीलने बशीकडे पाहिलं. "बाबा, मी आता विकतची घेणार."

"विकतची? तुझं पिस्तूल त्यांनी डावीकडे मारतं."

"मारू दे. हात तर जागेवर राहील."

"दारू बदलतो मी."

"आणि डोळे?"

वर्लने बशी उचलली आणि तो गॅरेजात गेला.

शनिवारी तो फेलिक्सच्या दुकानात गेला. फेलिक्स म्हणाला, "अरे वा, टोलमन! शेल्फाच्या या टोकाला तू? वाट चुकलास का?"

"मला फुगणारी पाहिजे. पुंगळी भरून दिसेल अशी."

फेलिक्सने तीन डबे काढले. एक धुराची, म्हणून वर्लने बाजूला सारली. तळघरात ती नको होती. दुसरी गोल दाण्यांची, पण तीही पुंगळीच्या अर्ध्याच्या खालीच राहायची. तिसरी हिरव्या झाकणाची, मोठमोठ्या पाकळ्यांची, हलकी. एका मापात पुंगळी अर्ध्याच्या वर भरते. दोनदा ओतली तर काठावरून सांडते.

"पिस्तूल घाण करेल," फेलिक्स म्हणाला. "डबा लवकर संपेल. आणि पाकळ्या आहेत, मापात अडकतात. मधूनच एखादी पुंगळी कोरडी जाईल. लक्ष ठेवावं लागेल."

"दुप्पट तर पडणार नाही?"

"पडली तर बाकावर दिसेल."

"मग हीच दे."

बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा, ही वर्लची जुनी शिस्त. उरलेली काळी दारू त्याने मागच्या गवतावर पसरून टाकली, माप उघडून पुसलं आणि हिरवा डबा मांडला.

रविवारी चर्चनंतर जनील जेवायला आली. त्याने तिला बाकाशी नेलं आणि एकाच पुंगळीवर मापाचा दांडा मुद्दाम दोनदा ओढला. पाकळ्या काठावरून भराभर सांडल्या.

"हे तर मला चष्म्याशिवायही दिसतं," तो म्हणाला.

"मान्य." ती थोडा वेळ सांडलेल्या पाकळ्या बोटाने गोळा करत राहिली. "चल, पन्नास भर. दांडा तू ओढ, शेवटी मी बघते. सगळ्या बरोबर निघाल्या तर गुरुवारी तुझीच नेते."

लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत पन्नास पुंगळ्या उभ्या होत्या. वर्ल एकेकीत दारू सोडत गेला, प्रत्येकीत डोकावत गेला. घाई केली नाही. शेवटची झाल्यावर तो म्हणाला, "बघ."

जनीलने दिवा तिरका केला आणि रांगेमागून रांग पाहत गेली. चौथ्या रांगेत तिचं बोट थांबलं.

"ही?"

वर्ल वाकला. पितळेवर दिव्याची तिरीप चमकत होती. त्या चमकेखाली त्याला ती शेजारणींसारखीच भरलेली दिसली. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. मग पुंगळी उचलून तळहातावर उलटी केली. दोन-तीन पाकळ्या पडल्या.

"मापात अडकली असणार. फेलिक्स म्हणालाच होता."

"अडकणारच ती, बाबा. तू बघितलंस ना हिच्यात?"

"बघितलं."

"आणि?"

"भरलेली वाटली."

वर्लने तळहात झटकला, तो उठला आणि त्याने स्टूल तिच्याकडे सरकवलं. ती बसली. आधी तिने मापाला दोन टिचक्या मारल्या, मग ती कोरडी पुंगळी त्याखाली धरून दांडा ओढला.

"हळू ओढ," वर्ल म्हणाला. "खाली टेकला की क्षणभर थांबायचं, मग वर."

"ठाऊक आहे."

"ठाऊक असतं तर खाली टेकल्याबरोबर उचलला नसतास."

तिने पुंगळी मापात परत रिकामी करून दांडा पुन्हा ओढला, या वेळी थांबली. वर्लने रिकाम्या पुंगळ्यांचा ट्रे उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि टोप्या बसवायला घेतल्या. टोपी नीट बसली की नाही ते बुडावरून अंगठा फिरवला की कळतं; त्याला पाहावं लागत नाही.